भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील थोर भारतीय गणिती व ज्योतिर्विद होत. सिद्धान्तशिरोमणि हा त्यांचा मुख्य ग्रंथ असून लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग आहेत. सातव्या शतकात याच नावाचे दुसरे एक ज्योतिषी होऊन गेल्यामुळे यांचा उल्लेख भास्कराचार्य द्वितीय असा करतात. एकापासून परार्धापर्यंतच्या अठरा दशमान स्थानांची जी नावे मराठी माणसाला परंपरेने ठाऊक आहेत, ती लीलावतीमुळेच घरोघरी पोहोचली. प्रचंड संख्यांना नावे देणे, त्या खेळीमेळीने हाताळणे आणि त्यांतून अवघड कूटे उभी करणे हा भास्कराचार्यांच्या गणिताचा एक विशेष मानला जातो.

जन्म, कुल व निवासस्थान

आपला जन्मशक भास्कराचार्यांनी गोलाध्यायात स्वतःच नोंदवून ठेवला आहे. त्यासाठी त्यांनी अंकांऐवजी शब्द योजले. रस सहा, गुण तीन, आकाश किंवा पूर्ण म्हणजे शून्य आणि पृथ्वी एक, असे संकेत घेऊन ते उजवीकडून डावीकडे मांडले की १०३६ हा शक मिळतो. या पद्धतीस भूतसंख्या म्हणतात. ग्रंथ पद्यात असल्याने रूक्ष आकडा वृत्तात बसत नसे आणि नकलाकाराच्या हातून एखादा अंक चुकण्याची भीतीही असे. शब्द वापरल्याने दोन्ही अडचणी दूर होत. याच ठिकाणी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये, सिद्धान्तशिरोमणि पूर्ण केल्याचेही त्यांनी सांगितले आहे.

त्यांचे गोत्र शांडिल्य होते. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी असून तेच भास्कराचार्यांचे गुरू होत. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचे भास्कराचार्य सांगतात. या गावाच्या स्थाननिश्चितीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. नावाच्या साम्यावरून कोणी ते विजापूर मानतात, कोणी बीड. जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख सापडल्यामुळे अनेक जण तोच परिसर ग्राह्य धरतात. पाटण हे सह्याद्रीपासून फुटलेल्या सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी आहे, ही गोष्टही या मताला पूरक ठरते. भास्कराचार्य उज्जयिनीच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु त्यांच्या ग्रंथांतून किंवा कुलाच्या शिलालेखांतून त्याला आधार मिळत नाही.

पाटणचा शिलालेख

पाटण येथील भवानीच्या मंदिरातील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणून १८६५ साली प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांच्या चरित्राचे त्यांच्या ग्रंथांबाहेरचे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे हा लेख. त्यात त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशा नऊ पिढ्यांची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रमाचे पुत्र भास्करभट्ट यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असे लेख सांगतो. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्याकडे नेऊन पंडितांमध्ये अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हे पुढील यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी झाले.

चांगदेवांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेव याने शके ११२८ (इ.स. १२०७) मध्ये दान दिले. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने पाठशाळा काढावी आणि मांडलिक राजाने तिला उत्पन्न लावून द्यावे, असे उदाहरण विरळा. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला तरी दानाचा तपशील सांगणारा शेवटचा भाग तत्कालीन मराठीत आहे. मठाला कोणाकडून काय मिळायचे हे ज्यांनी द्यायचे त्यांना समजावे, हा हेतू त्यात दिसतो. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्यापूर्वी सुमारे आठ दशके कोरलेला हा लेख मराठीच्या अभ्यासकांनाही म्हणूनच मोलाचा वाटतो.

चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे शके ११४४ (इ.स. १२२२) मधला आणखी एक शिलालेख आहे. त्यातील अनंतदेव हे भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचे नातू असून तेही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. विद्या घराण्याच्या दोन्ही शाखांत टिकून राहिल्याचे यावरून कळते.

ग्रंथरचना

लीलावतीत अंकगणित, भूमिती, श्रेढी, कुट्टक आणि अंकपाश हे विषय येतात. बीजगणितात धन-ऋण राशी, शून्य, करणी, समीकरणे, वर्गप्रकृती व चक्रवाल यांचे विवेचन आहे. ग्रहगणितात ग्रहांच्या गती, ग्रहणे व युती काढण्याच्या रीती दिल्या आहेत, तर गोलाध्यायात त्या रीतींमागची उपपत्ती आणि यंत्रांचे वर्णन येते. सिद्धान्तशिरोमणीवर भास्कराचार्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिले. वयाच्या ६९ व्या वर्षी, शके ११०५ (इ.स. ११८३) हे आरंभवर्ष धरून, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगकर्त्यांच्या सोयीचा सुटसुटीत ग्रंथ रचला.

लीलावती या नावाभोवती एक कथा रूढ आहे. आचार्यांच्या लीलावती नावाच्या कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले होते. ती वाकून पाहत असता तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. तिच्या समाधानासाठी पित्याने तिच्या नावे ग्रंथ रचला, अशी ती कथा. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ही कथा आढळते. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही आणि पाटणच्या लेखात कन्येचा उल्लेख नाही. ग्रंथातील प्रश्न कधी बालेला, कधी सखीला, कधी प्रियेला, तर कधी एखाद्या व्यापाऱ्याला उद्देशून विचारलेले आहेत. त्यामुळे लीलावती कोण या प्रश्नाचे उत्तर ग्रंथावरून काढता येत नाही. लीलावती म्हणजे लीलायुक्त, खेळकर, हा अर्थ मात्र ग्रंथाच्या प्रकृतीला शोभून दिसतो.

संख्यांची नावे : एकापासून परार्धापर्यंत

लीलावतीच्या आरंभीच, नाणी, वजने व मापे यांची कोष्टके सांगून झाल्यावर, दशमान स्थानांची नावे येतात. प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या दसपट आहे. एकावर किती शून्ये द्यायची हे लक्षात घेता ती अशी मांडता येतात :

एक (शून्य नाही), दश (१), शत (२), सहस्र (३), अयुत (४), लक्ष (५), प्रयुत (६), कोटी (७), अर्बुद (८), अब्ज (९), खर्व (१०), निखर्व (११), महापद्म (१२), शंकू (१३), जलधी (१४), अंत्य (१५), मध्य (१६) आणि परार्ध (१७).

ही नावे आपली असल्याचा दावा भास्कराचार्य करीत नाहीत. पूर्वसूरींनी व्यवहारासाठी ती ठरवली, असे ते स्पष्ट म्हणतात. आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या श्रीधराचार्यांच्या ग्रंथातही अठरा स्थानांची परार्धापर्यंतची यादी आहे. या नावांचा इतिहास त्याहूनही जुना आहे. यजुर्वेदाच्या संहितांत दसपटीने वाढत जाणारी नावे आढळतात. तेथेही शेवट परार्धाने होतो, पण त्या परार्धावर बाराच शून्ये आहेत. तेथे अर्बुदावर सात शून्ये, तर लीलावतीत आठ. आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस दहाच स्थाने सांगितली आणि नऊ शून्यांच्या वृंदापाशी ते थांबले. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी जैन गणिती महावीराचार्य यांनी गणितसारसंग्रहात चोवीस स्थाने गणली. त्यांचे शेवटचे नाव महाक्षोभ असून त्यावर तेवीस शून्ये येतात. म्हणजे नावे बहुतेक जुनीच राहिली, पण त्यांची किंमत आणि यादीची लांबी ग्रंथागणिक बदलत गेली. लीलावतीचा प्रसार सर्वाधिक झाल्यामुळे तिच्यातील किमती महाराष्ट्रात रूढ झाल्या. मराठीतील खर्व आणि हिंदीतील खरब यांत आजही दसपटीचा फरक आहे. मराठी खर्वावर दहा शून्ये असतात, हिंदी खरबावर अकरा.

चढाओढीची परंपरा

मोठ्यात मोठ्या संख्येला नाव देण्याची चढाओढ भारतीय वाङ्मयात फार जुनी आहे. ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात सिद्धार्थाच्या विवाहापूर्वी त्याची परीक्षा घेतली जाते. अर्जुन नावाचा गणिती त्याला कोटीच्या पुढे शंभरपटीने वाढत जाणारी नावे विचारतो. सिद्धार्थ एकामागून एक तेवीस नावे सांगतो आणि त्रेपन्न शून्यांच्या तल्लक्षणापर्यंत पोहोचतो. तेवढ्यावर न थांबता तो त्यापलीकडच्या गणनाही सांगत जातो आणि परीक्षकालाच त्याची थोरवी मान्य करावी लागते. दूर ग्रीसमध्ये, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, आर्किमिडीजने विश्व वाळूने भरून काढण्यास किती कण लागतील याचा हिशेब मांडला आणि त्यासाठी नवी नामपद्धती घडवली. त्याच्या हिशेबाने ती संख्या एकावर त्रेसष्ट शून्यांपेक्षा मोठी होत नाही.

या पार्श्वभूमीवर भास्कराचार्यांची अठरा नावे थोडी वाटतील. परंतु त्यांच्या काळापर्यंत स्थानमूल्य पद्धती आणि शून्य यांचा वापर अंगवळणी पडला होता. डावीकडे एक स्थान वाढवले की संख्या दसपट होते हे ज्याला उमगले, त्याला वाटेल तेवढी मोठी संख्या लिहिता येते. त्यासाठी नव्या नावाची वाट पाहावी लागत नाही. परार्ध हा त्यांच्या दृष्टीने संख्यांचा अंत नव्हता, तो नावांचा मुक्काम होता. म्हणूनच त्यांनी यादी लांबवली नाही. मोठ्या संख्येशी खेळण्याची त्यांची रीत निराळी होती. प्रश्न छोटासा विचारायचा आणि उत्तर अफाट निघू द्यायचे.

अंकपाश : लहान प्रश्न, मोठी उत्तरे

लीलावतीच्या शेवटी अंकपाश हे प्रकरण आहे. दिलेले अंक किंवा वस्तू किती प्रकारे मांडता येतील, हा त्याचा विषय. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म ही चार आयुधे आलटून पालटून दिली तर चोवीस मूर्ती होतात. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू असल्या, तर होणाऱ्या मूर्तींची संख्या ३६,२८,८०० भरते. हातांची संख्या अडीचपट झाली, पण मूर्ती दीड लक्षाहून अधिक पटींनी वाढल्या. देवळातील मूर्ती पाहणाऱ्या कोणालाही समजेल असा हा प्रश्न विद्यार्थ्याला क्षणात लक्षांच्या घरात नेऊन सोडतो.

त्याच प्रकरणात २ पासून ९ पर्यंतचे आठ अंक घेऊन त्यांपासून बनणाऱ्या सर्व आठअंकी संख्या किती आणि त्यांची बेरीज किती, असा प्रश्न आहे. संख्या ४०,३२० होतात. त्या एकेक करून लिहून मिळवायच्या म्हटल्यास कितीतरी दिवस लागतील. भास्कराचार्य मात्र सरळ वाट दाखवतात. प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा येतो. आठ अंकांची बेरीज ४४ आहे. तिला ४०,३२० ने गुणून आठाने भागले की २,२१,७६० मिळतात, आणि त्यांना आठ वेळा लिहिलेल्या एकाने, म्हणजे १,११,११,१११ ने, गुणले की उत्तर हाती येते. ते २४६३९९९९७५३६० असे आहे. लीलावतीतील नावांनी वाचायचे तर २ महापद्म, ४ निखर्व, ६ खर्व, ३ अब्ज, ९ अर्बुद, ९ कोटी, ९ प्रयुत, ९ लक्ष, ७ अयुत, ५ सहस्र, ३ शत आणि ६ दश. आरंभी पाठ केलेली नावे ग्रंथाच्या शेवटी अशी उपयोगाला येतात. या प्रकरणापुढे गर्विष्ठ गणकाचा ताठा उतरतो, अशा आशयाची मिस्कील टिप्पणीही आचार्यांनी केली आहे.

खेळ केवळ मोठेपणाचाच असतो असे नाही. एका उदाहरणात एक कंजूष माणूस याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाचा तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा षोडशांश आणि त्याचा चतुर्थांश देतो. ऐकायला दान भरघोस वाटते, पण हिशेब केला की द्रम्माचा १,२८० वा भाग उरतो. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म, या कोष्टकाप्रमाणे तो भाग म्हणजे एक कवडी. अपूर्णांकांच्या गुणाकाराचा धडा इतका हसत-खेळत क्वचितच कोणी शिकवला असेल.

एकसष्टाचे कूट

भास्कराचार्यांच्या बीजगणितातील सर्वांत प्रसिद्ध प्रश्न असा आहे : कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल? प्रश्न एका ओळीत मावतो. लहान लहान संख्या घेऊन पाहणाऱ्याला मात्र आयुष्यभर उत्तर सापडणार नाही, कारण शून्य सोडल्यास सर्वांत लहान संख्याच २२,६१,५३,९८० ही आहे आणि मिळणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. म्हणजे मूळ एक अब्जाच्या पुढे जाते. त्याचा वर्ग एकोणीस अंकी असून तो ३१ परार्धांहून मोठा भरतो. नामावलीतील शेवटच्या स्थानाच्याही तो पलीकडे गेलेला असतो. ६१ ऐवजी ६० घेतल्यास मात्र ४ हे उत्तर कोणीही तोंडी काढील.

हे उत्तर भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने काढले. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये दोन उत्तरांपासून तिसरे मिळवण्याची भावना ही रीत दिली होती. तिच्या आधारे जयदेव या गणितज्ञाने चक्रवालाची कल्पना मांडली आणि भास्कराचार्यांनी ती व्यवस्थित रूपात सांगितली. रीत चाकासारखी फिरते, म्हणून तिला चक्रवाल म्हणतात. प्रथम जवळचे उत्तर घ्यायचे. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ ने जास्त. या ३ वरून योग्य संख्या निवडून पुढचे पाऊल टाकले की ३९ आणि ५ मिळतात. ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५. फरक ४ चा, पण उलट बाजूने. फरक चारवर आला की भावनेने तो एकावर आणता येतो. अशा रीतीने मोजक्या पायऱ्यांत अब्जाच्या घरातील उत्तर हाती लागते.

इ.स. १६५७ मध्ये फ्रान्समधील गणिती फर्मा याने आपल्या समकालीनांना या प्रकारचे प्रश्न आव्हान म्हणून घातले, त्यांत ६१ चाही समावेश होता. लीलावती किंवा बीजगणिताशी त्याचा परिचय नव्हता. इंग्लंडमधील ब्राउंकर व वॉलिस यांनी रीत शोधून काढली आणि ती नेहमी यशस्वी होते याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. युरोपात गणितज्ञांची चढाओढ लावणारा हा प्रश्न सह्याद्रीच्या आश्रयाने पाच शतके आधी सुटलेला होता.

आकाशाचा हिशेब

प्रचंड संख्यांचा भास्कराचार्यांना केवळ कौतुक म्हणून लळा नव्हता. ज्योतिषगणितात त्यांची रोजची गरज होती. ब्रह्मगुप्तांच्या परंपरेला अनुसरून ते ४,३२,००,००,००० वर्षांचा एक कल्प धरतात आणि त्या अवधीत १५,७७,९१,६४,५०,००० सावन दिवस होतात असे मानतात. दुसऱ्या संख्येस पहिलीने भागले की वर्षाचे मान ३६५.२५८४ दिवस येते. आजचे नाक्षत्र वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे आहे. चंद्राच्या कल्पातील प्रदक्षिणा ५७,७५,३३,००,००० धरल्या आहेत. त्यावरून एका प्रदक्षिणेस २७.३२१७ दिवस लागतात, आणि हे मान आजच्या मानाशी चौथ्या दशांश स्थळापर्यंत जुळते.

दशांश अपूर्णांक लिहिण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. दिवसाचा सूक्ष्म अंश नेमका पकडायचा, तर कालावधी इतका मोठा घ्यायचा की सर्व प्रदक्षिणा पूर्ण संख्येत याव्यात, ही युक्ती होती. महापद्म आणि निखर्व ही नावे म्हणजे पंचांगकर्त्याची हत्यारेच होती. याच सूक्ष्मतेच्या ओढीने भास्कराचार्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या त्या क्षणीच्या गतीचा, विचार केला. आधुनिक विकलन गणिताशी या विचाराचे जवळचे नाते असल्याचे अभ्यासक दाखवतात.

खहर : नावांच्या पलीकडे

शून्याने भागलेल्या राशीस भास्कराचार्य खहर म्हणतात. ख म्हणजे शून्य आणि हर म्हणजे भाजक. खहर राशीत कितीही मिळवले किंवा तिच्यातून कितीही काढले तरी ती बदलत नाही, असे बीजगणितात सांगून त्यांनी तिला सृष्टीच्या उत्पत्तीने वा प्रलयाने ज्यात फरक पडत नाही अशा अच्युताची उपमा दिली आहे. परार्धाला दहाने गुणले की मोठी संख्या मिळते. खहराला मोठे करता येत नाही. त्यामुळे नावे वाढवण्याची चढाओढ या ठिकाणी संपते. आधुनिक गणितात शून्याने भागणे अव्याख्येय मानतात, आणि शून्याने भागून पुन्हा शून्याने गुणल्यास मूळ राशी परत येते हे भास्कराचार्यांचे मत आज स्वीकारले जात नाही. तरीही अमर्याद राशीचे गुणधर्म ओळखण्याचा हा प्रयत्न गणिताच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

टीका, भाषांतरे व प्रसार

लीलावतीवर शतकानुशतके टीका लिहिल्या गेल्या. गोदावरीच्या परिसरातील पार्थपूर (पाथरी) येथील सूर्यदास यांनी १५४१ मध्ये, तर कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये टीका रचली. गणेश दैवज्ञांची बुद्धिविलासिनी ही टीका उपपत्तींसाठी विशेष नावाजली जाते. फैजीनंतर, १६३४ मध्ये, अताउल्ला रशिदी याने बीजगणित फारसीत नेले. जॉन टेलर यांचे लीलावतीचे इंग्रजी भाषांतर १८१६ साली मुंबईत छापले गेले. पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांचे लीलावती व बीजगणिताचे भाषांतर लंडनहून निघाले आणि युरोपातील विद्वानांचे लक्ष या ग्रंथांकडे वेधले गेले.

एकोणिसाव्या शतकात सिद्धान्तशिरोमणीच्या अभ्यासाला नवे वळण देणारे बापूदेव शास्त्री यांचे घराणे मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील होते. बालपणी नागपुरात त्यांनी लीलावती व बीजगणिताचे अध्ययन केले. सिहोरचे इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धी हेरून त्यांना पुढील शिक्षणासाठी नेले आणि नंतर ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. विल्किन्सन यांचे गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून १८६१ साली सिद्ध केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या मराठी इतिहासात (१८९६) भास्कराचार्यांच्या कार्याची साक्षेपी चिकित्सा केली.

वारसा

एकक, दहक, शतक असे म्हणत स्थाने मोजण्याचा जो परिपाठ मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याची पुढची टोके अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी लीलावतीकडे जातात. आजच्या व्यवहारात कोटीच्या वर अब्जाचा उपयोग थोडासा होतो आणि त्यापुढे लाख कोटी असा जोड दिला जातो. शंकू, जलधी, अंत्य ही नावे शब्दकोशांपुरती उरली आहेत. परार्ध हा शब्द मात्र अगणित या अर्थाच्या छटेसह मराठी साहित्यात टिकून आहे.

भारताने ७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी अवकाशात पाठवलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले. २०१४ हे भास्कराचार्यांच्या जन्माचे नऊशेवे वर्ष होते. पाटण परिसर आज पाटणादेवी या नावाने प्रसिद्ध असून तो गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. चांगदेवांच्या मठाची साक्ष तेथील शिलालेखाने जपली आहे.